शेवटच्या ओळीतला आवाज

आई, तुझी कॅसेट सध्या माझ्याकडे आहे. दहिवलीच्या कमिटीतले काका घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोन गाठी मारून. विहाराशेजारी नवीन सभागृह बांधून झालं आहे आणि त्याला तुझं नाव द्यायचं ठरलं आहे. उद्घाटनाला तुझं पाण्याचं गाणं वाजवायचं आहे. कॅसेट आता खरखरते, टेप एका जागी चुरगळली आहे. "तू मशीनवाली. जरा साफ करून दे गं, आईसाठी एवढं कर," ते म्हणाले. आईसाठी करते असं मी म्हटलं नाही. करते, एवढंच म्हटलं. हे पत्रही मायेनं लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि या बारा वर्षांत तुझ्याविषयी चांगलं बोलणारी माणसं मला इतकी भेटली आहेत की त्यात माझी भर नको.

मी रसायनीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करते. टाक्यांवर आणि पाइपांवर दाबाची, तापमानाची जी यंत्रं बसवलेली असतात, ती खरं दाखवतात की नाही हे तपासायचं, आणि चुकीचं दाखवत असतील तर किती चुकीचं ते लिहून ठेवायचं. त्यासाठी एक गेज आम्ही कपाटात कुलूप लावून ठेवतो. ते कुठल्याही टाकीवर बसवत नाहीत. बाकीच्यांना त्याच्याशी ताडून पाहायचं, बस. तुला हे काम समजलं असतं. ढोलकी पाव सूर उतरली तरी तू गाता गाता मान वळवायचीस आणि ढोलकीवाल्याचा हात आपोआप दोरीकडे जायचा. तुझा कान कधी चुकला नाही. म्हणूनच मला वाटतं, तुला सगळं कळत होतं.

तुझा आवाज मोठा होता, हे मी नाकारत नाही. नाकारलं तर ती माझीच नोंद चुकेल. मी सात वर्षांची असताना भिसेगावच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसले आहे आणि तू गाण्याची पहिली ओळ इतक्या खालून उचलतेस की शेजारचे म्हातारे बाबा स्टेजवर पुरुष कोण गातोय म्हणून मान उंच करून शोधतात. तीच ओळ तू दुसऱ्यांदा घेतेस तेव्हा ती बाईची असते. तिसऱ्यांदा घेतेस तेव्हा ती इतकी वर जाते की मंडपाच्या कापडावर बसलेली कबुतरं उडतात. लोक म्हणायचे, एका गळ्यात तीन माणसं आहेत. जयंतीच्या बॅनरवरही ते छापलं जायचं. तेव्हा ते खरं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

मग ते खरं राहिलं नाही. भोंग्यांवर मात करत, धुळीत, दोन दिवसांत तीन गावं करून तू गात राहिलीस, आणि मी दहा वर्षांची असताना डॉक्टरांनी तुझ्या घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरपट्ट्यांवर गाठी आल्या आहेत, तीन महिने बोलायचंसुद्धा नाही. तू तीन दिवस बोलली नाहीस. चौथ्या दिवशी चौकजवळच्या एका वाडीचं बोलावणं आलं. खालचा आवाज तुझा होता तसाच राहिला होता, उलट अधिक जड झाला होता. वरचा गेला होता. वरती नुसती हवा यायची. त्या कार्यक्रमात कोरसमध्ये मी उभी होते, तुझ्या मागे, आणि शेवटच्या ओळीला तू डावा हात कानाशी नेलास, पदर तोंडावर आला, आणि तू मागे वळून माझ्याकडे फक्त पाहिलंस. मी गायले. का गायले ते मला आजही सांगता येत नाही. दहा वर्षांच्या मुलीला आईनं तसं पाहिलं की ती गाते.

पाण्याच्या गाण्याची शेवटची ओळ 'पाणी' या शब्दावर संपते. 'पा' तू खर्जात धरायचीस, लांब, लोकांचे श्वास अडकेपर्यंत, आणि मग तुझा हात कानाशी जायचा, पदर पुढे यायचा, आणि 'णी' मी म्हणायची. एक शब्द, दोन तोंडं. चार वर्षं आपण हे केलं, कर्जतपासून खालापूरपर्यंत जिथे जिथे बोलावणं आलं तिथे तिथे, आणि कोणाला कळलं नाही. पेटीमास्तरांना कळलं होतं, पण ते तुझं मीठ खात होते. बाबांनाही कळलं असणार. ते स्टेजच्या बाजूला पेटीची खोळ मांडीवर घेऊन बसायचे आणि शेवटच्या ओळीला नेहमी खाली पाहायचे. कार्यक्रम संपला की बायका तुझ्या गळ्याला हात लावून जायच्या. मला कोणीतरी पारले बिस्किटाचा पुडा द्यायचं. तू मला लोणचं, चिंच, थंड पाणी, बर्फ सगळं बंद केलं होतंस. मला वाटायचं हे माझ्या काळजीपोटी आहे. नंतर लक्षात आलं की ढोलकीलाही तू उन्हापावसात अशीच जपायचीस.

कॅसेटचा दिवस मला तासागणिक आठवतो. बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली आहे. कल्याणच्या एका कॅसेट कंपनीनं नमुना मागवला आहे आणि पेटीमास्तर तो संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जाणार आहेत. तू सकाळी स्वयंपाकघरात आहेस, कुकर लावला आहेस, आणि मी दारात उभी राहून बरेच दिवस मनात घोळवलेलं वाक्य बोलते. मी म्हणते, "आई, आजच्या कॅसेटवर माझं नाव सांगशील? म्हणजे, वरचं मी म्हणते असं?" तू तांदळाच्या पाण्याचे हात पुसत वळतेस. रागावलेलीही नाहीस. तुला गंमत वाटते आहे. "तुझा आवाज काय हाय गं? नुसता उंच. उंच तर कुकरची शिट्टी पण असते. तिला कोण गाणं म्हणतं?" तेवढ्यात खरोखरच शिट्टी होते आणि तू हसतेस, पेटीमास्तर बाहेरच्या खोलीत हसतात, आणि मीही हसते, कारण सगळे हसत असताना एकटीनं न हसणं फार दिसून येतं. मग तू ब्लाउजमधून पैसे काढून माझ्या हातात ठेवतेस. "दुपारी लाइट जानार. बाजारातनं रेकॉर्डरचे सहा सेल आण, नवे. आन् ऊन लागू देऊ नको डोक्याला, आवाज बसंल."

दुपारी लाइट गेली, त्या वर्षी रोज जायची तशीच. दारं-खिडक्या लावून आपण सगळे बाहेरच्या खोलीत घामाघूम बसलो. रेकॉर्डर उसना आणलेला होता. मशीनचं काम माझ्याकडेच असायचं, म्हणून सेल मी घातले, लाल बटण मी दाबलं, आणि तुझ्या मागे जाऊन उभी राहिले. घरातच होतो, समोर बघणारं कोणी नव्हतं, तरी तू शेवटच्या ओळीला हात कानाशी नेलास आणि पदर तोंडावर घेतलास. एकदाच घेतलं गाणं, दुसऱ्यांदा घ्यायला सेल पुरतील की नाही ही भीती. पाच वाजता लाइट आली, रेकॉर्डर विजेवर लावला आणि आपण ऐकलं. गाणं जरा पळत होतं. तुझा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला झाला होता, पंचवीस वर्षांच्या मुलीसारखा. आणि शेवटचा सूर तर चढत चढत कुठे गेला ते कळेना. पेटीमास्तर म्हणाले, "बाई, हे काय झालंय! हे तर माणसाचं काम नाय." तू म्हणालीस, "सेल बसलेत. हा माझा आवाज नाय." पण गाडीची वेळ झाली होती आणि मास्तर तीच कॅसेट घेऊन गेले.

कंपनीनं काही कळवलं नाही. पण मास्तरांनी कल्याणमध्ये तिच्या दोन कॉप्या काढून घेतल्या होत्या, त्या दोनांच्या चार झाल्या, आणि पुढच्या जयंतीपर्यंत ते गाणं टेंपोत, रिक्षात, लग्नाच्या मंडपात वाजायला लागलं. लांबून लोक विचारत यायचे, तो शेवटचा सूर लावणाऱ्या बाई याच का. तू हो म्हणायचीस. 'हा माझा आवाज नाय' हे वाक्य तू फक्त त्या खोलीत एकदा बोललीस. मी चौदाची झाले तेव्हा एका कार्यक्रमात तुझा हात कानाशी गेला आणि मी तोंड उघडलं नाही. 'पा' लांबत राहिला, लांबत राहिला आणि संपला. घरी आल्यावर तू म्हणालीस, "बरं झालं. आता अभ्यास कर." त्यानंतर तू लोकांना घसा बरा नाही म्हणून सांगायचीस आणि लोक म्हणायचे, काय करणार, असा आवाज जपावाच लागतो. मी डिप्लोमाला गेले. शेवटच्या वर्षाला असताना तू कावीळ अंगावर काढलीस आणि गेलीस. तेव्हापासून मी गायलेली नाही. बाथरूममध्येही नाही.

गेले तीन रविवार मी कॅसेटवर काम करते आहे. खरखर काढणं सोपं होतं. वेग ठरवणं हे खरं काम होतं, आणि त्यासाठी संदर्भ हवा होता. तो कपाटावर होता, खोळीत. तुझी पेटी. तिची एक पट्टी दाबली की सुराबरोबर बारीक झिणझिण येते, ती मास्तरांनी कधी दुरुस्त केली नाही, आणि ती झिणझिण कॅसेटमध्ये स्पष्ट आहे, त्यामुळे तिथे कुठली पट्टी दाबली होती याबद्दल शंका उरत नाही. पेटीत तो सूर काळी दोनचा आहे. कॅसेटमध्ये तो दोन पट्ट्या वर, पांढरी चारला ऐकू येतो, आणि शेवटच्या ओळीपर्यंत आणखी एक पट्टी वर, काळी तीनला पोचतो. म्हणजे रेकॉर्डरची मोटर सुरुवातीपासून हळू फिरत होती आणि सेल उतरत गेले तशी आणखी हळू होत गेली. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सगळं वर चढतं. ज्या चढत जाणाऱ्या सुराला लोक तुझी साधना म्हणतात, तो सेल संपत आल्याचा आवाज आहे. मी ओळीओळीनं वेग दुरुस्त केला. तुझा आवाज खाली आला. जड, खरखरीत, चाळिशीचा, दमलेला. मला तो लगेच ओळखू आला. आणि 'णी'वर एक लहान मुलगी आली. जोड इतका उघड आहे की बहिऱ्यालाही कळेल. तो चुकीचा वेग नसता, तर ती कॅसेट ऐकणाऱ्या पहिल्याच माणसानं विचारलं असतं, की ही पोर कोण.

मी ती दुरुस्त केलेली फाइल काकांना ऐकवली. मुद्दामच. त्या जुन्या, खोट्या वेगाची फाइलही माझ्याकडे तयार होती, पण ती आधी लावली नाही. मला पाहायचं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला उघडले.

"हे कोन गातंय?"

"आई."

"नाय गं. बाईचा आवाज असा जाड नव्हता. तुझी मशीन बिघडलीय." मग शेवटची ओळ आली आणि ते पुढे सरकले. "आन् ही पोरगी कुठनं आली मधीच?"

"ती मी आहे, काका. वरचं मी म्हणायची."

ते मोकळेपणानं हसले. "तू? अगं बाय, तू तर वाढदिवसाला पन नुसत्या टाळ्या वाजवतेस. मग म्हनून दाखव की."

मी म्हटलं, बाराव्या वर्षाचा आवाज एकतिसाव्या वर्षी राहत नाही. "मग झालं तर," ते म्हणाले. मी त्यांना पेटी दाखवली, पट्टी दाबून दाखवली, वेग समजावून सांगितला. काका गिरणीत फिटर होते, मोटरचं त्यांना कळतं. ते गंभीर झाले. क्षणभर मला वाटलं की संपलं, आता हा माणूस कमिटीत जाऊन सांगेल आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांना कळेल. मग ते म्हणाले, "पन मोटर हळू फिरायला सेल मेलेले लागतील. सेल तर दुकानातले नवे होते, बाईंना मेलेले वाटले तरी. बाईंनी बाजारात त्या दुकानदाराची सालटी काढली होती त्या दिवशी, मी होतो तिथं. तो सारखा म्हनत होता, पोरगी आलीच नाय माज्याकडं. तूच सांग आता, गेलतीस ना सेल आनायला?"

म्हणजे सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं. मी नाही म्हटलं असतं तर वेगाचं कारण सापडलं असतं, आणि वेगाचं कारण सापडलं की ती पोर मीच, हे ठरलं असतं. काका उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "गेले होते." ते म्हणाले, "बग. बाई खोट्या नव्हत्याच." मग मी दुसरी फाइल लावली, ते पुन्हा डोळे मिटून बसले, आणि शेवटच्या सुराला त्यांच्या दंडावर काटा आलेला मला दिसला. तीच पेनड्राइव्हवर घालून दिली. पुढच्या महिन्यात सभागृहात ती वाजेल, लोक रडतील, आणि मी मागच्या रांगेत बसेन. मागे उभं राहायची, बसायची मला सवय आहे.

ती संध्याकाळ तुला आठवत असेल. कॅसेट ऐकून तू पायात चपला सरकवल्यास, माझं मनगट धरलंस आणि बाजारात त्या इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिलीस. "नवे म्हनून मेलेले सेल देतोस व्हय रं पोरीच्या हातात? लहान पोर बगून?" तुझा तो खालचा आवाज भर बाजारात होता आणि भाजीवाल्या बायका गिऱ्हाइकं सोडून बघत होत्या. दुकानदार घाबरून म्हणाला, "ताई, शपत सांगतो, तुमची पोरगी आज आलीच नाय दुकानात." आणि तू मला पुढे ओढलंस, तुझ्या पुढे, सगळ्या लोकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणालीस, "माजी पोर खोटं बोलती म्हनतोस? ती गरीब असंल, पन खोटं नाय बोलत." तो निमूटपणे सहा नवे सेल काढून द्यायला लागला. ते तू घेतलेही नाहीस. लोक त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत होता.

त्या दुकानात आता त्याचा मुलगा मोबाइल विकतो. मी त्या बाजूनं जात नाही, नदीच्या पुलाकडून वळसा घेते.

आई, मी गेले नव्हते. कुकरच्या शिट्टीनंतर मी बाजारात गेले ती बर्फाच्या गोळ्याच्या गाडीशी, आणि तुझ्या पैशांचे गोळे खाल्ले, एकामागून एक, लाल, घसा बसावा म्हणून. तो बसला नाही. सेल आपल्याच जुन्या टॉर्चचे आणि रेडिओचे होते. रेकॉर्डर निदान सुरू व्हावा म्हणून मागच्या भिंतीवर तासभर उन्हात ठेवून गरम केले, उतरलेल्या सेलना सगळे करायचे तसे, आणि रेकॉर्डरमध्ये घातले. दुपारभर मी ओठ मिटून होते, आणि गायले तेव्हा तुझ्या पाठीमागे होते, म्हणून माझी लाल जीभ कोणाला दिसली नाही. तुझी कॅसेट बिघडवायची होती मला. एवढंच ठरवलं होतं. तू ज्याच्यामुळे इतकी वर गेलीस ते मी केलं, आणि ते तुझ्या भल्यासाठी केलेलं नव्हतं.

दुरुस्त केलेली फाइल मी पुसलेली नाही. कोणाला ऐकवणारही नाही. हे पत्र पेटीच्या खोळीत ठेवते आहे. तुझ्याबद्दल मला जे वाटतं त्यात यानं फरक पडलेला नाही. फक्त त्या दुकानासमोर तू मला पुढे ओढलंस तेव्हा मला हात सोडवून घ्यावासा वाटला नव्हता.